गणिताच्या तासाला संगणक : नेमका कधी आणि किती?

प्रश्न : राजापूरच्या बाई

नमस्कार. मी राजापूर तालुक्यात खाडीकाठच्या एका माध्यमिक शाळेत नववी आणि दहावीला गणित शिकवते. यंदा गावच्या मुंबईकर मंडळाने शाळेला देणगी देऊ केली असून ती गणिताच्या संगणकीय अध्यापनासाठी खर्च व्हावी, अशी त्यांची इच्छा आहे. शाळेत पाच संगणक आहेत, त्यांपैकी तीन चालतात. प्रोजेक्टर एकच आहे. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा भरवसा नसतो, आणि इंटरनेट शाळेच्या मागच्या सड्यावर गेल्याशिवाय मिळत नाही.

मध्यंतरी एका विक्रेत्याने संपूर्ण अभ्यासक्रमाचा तयार संच वर्गात दाखवला. चलचित्रे सुंदर होती, आवाज स्पष्ट होता आणि मुले अगदी शांत बसून पाहत होती. दुसऱ्या दिवशी मी त्याच प्रकारचे उदाहरण आकडे बदलून फळ्यावर लिहिले, तेव्हा बहुतेकांचे हात दुसऱ्याच पायरीवर थांबले. पाहताना जे समजल्यासारखे वाटले होते, ते वहीत उतरले नव्हते.

याच्या उलट, मी स्वतः जिओजेब्रा या आकृत्या काढून हलवता येणाऱ्या संगणकीय साधनावर अंतर्लिखित कोनाचे प्रमेय दाखवले, तेव्हा मुले खरोखर रंगून गेली. वर्तुळावरचा बिंदू सरकवला तरी कोनाचे माप बदलत नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिले. मात्र मी सिद्धता लिहायला घेतली तेव्हा पहिल्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “बाई, आता डोळ्यांनी दिसले ना, मग सिद्ध कशाला करायचे?” त्याचा प्रश्न प्रामाणिक होता आणि माझ्याकडे त्याला पटेल असे उत्तर नव्हते.

दहावीला भाग १ आणि भाग २ अशा ४० गुणांच्या दोन लेखी परीक्षा असतात आणि तेथे कंपास, पट्टी आणि लेखणीच चालते. तेव्हा देणगी कशावर खर्च करावी, संगणक कोणत्या घटकाला वापरावा आणि कोणत्या घटकाला मुद्दाम दूर ठेवावा, आणि त्या मुलाला मी काय सांगायला हवे होते, याबद्दल अनुभवी मंडळींनी लिहावे, ही विनंती.

उत्तर : सेवानिवृत्त शिक्षक, देवगड

बाई, पैशांच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो, कारण तो भाग सोपा आहे. तयार संच घेऊ नका. बंद पडलेले दोन संगणक दुरुस्त करून घ्या, चांगला इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी घ्या आणि उरलेली रक्कम पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. जिओजेब्रा शाळेला विनामूल्य वापरता येते आणि एकदा संगणकावर उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात शिकत असताना त्याची सुरुवात केली आणि भूमितीतील आकृती व बीजगणितातील समीकरण एकाच पडद्यावर शेजारी शेजारी दिसावे, हा त्यामागचा विचार होता. आकृती हलवली की समीकरण बदलते आणि समीकरण बदलले की आकृती हलते. आपल्याला हवे आहे ते एवढेच.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो, कारण माझ्या मते आपल्या संपूर्ण पत्राचा गाभा तोच आहे. त्याला आपण फार लवकर यश दाखवलेत, असे मला वाटते. बिंदू सरकवला, माप तेच राहिले, प्रमेय संपले. आपण बिंदू एकाच कंसावर फिरवला असणार. तो जीवेच्या, म्हणजे कोनाच्या बाजूंची वर्तुळावरची टोके जोडणाऱ्या रेषाखंडाच्या, दुसऱ्या बाजूच्या कंसावर नेऊन पाहा. कोन ४० अंशांचा असेल, तर बिंदू जीवेचे टोक ओलांडताच पडद्यावर १४० अंश दिसतील. (त्यासाठी कोन ० ते १८० अंशांतच दाखवावा, अशी निवड आधी करून ठेवावी लागते. तसे केले नाही, तर २२० अंश दिसतात आणि वर्ग भलत्याच गोष्टीत अडकतो.) इतका वेळ न हललेला आकडा एकदम उडी मारतो, तेव्हा मुलांच्या तोंडून आपोआप “असे का?” निघते. या प्रश्नाचे उत्तर पडद्यावर कोठेच नसते. ते कंसांच्या मापांत असते, दोन्ही कंस मिळून ३६० अंश होतात या साध्या गोष्टीत असते. अंतर्लिखित कोन आपल्या कंसाच्या निम्मा का, हे एकदा सिद्ध केले की ४० चे १४० का झाले हे त्यातूनच निघते आणि चक्रीय चौकोनाचे, म्हणजे चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असलेल्या चौकोनाचे, प्रमेयही हाती लागते. ‘काय’ हे संगणकाने दाखवले, ‘का’ हे अजून कोणी सांगितलेले नाही, असे त्या मुलाला सांगता आले असते. तरीही माझा अनुभव असा आहे की, हे सांगून पटत नाही, उडी दाखवून पटते.

माझ्या वर्गात एक नियम असे आणि तो मी शेवटच्या वर्षापर्यंत मोडला नाही. बिंदूला हात लावण्यापूर्वी प्रत्येकाने वहीत लिहायचे की, आता काय होईल. माप वाढेल, कमी होईल की तेच राहील, एवढे एक वाक्य पुरे. ज्याने अंदाज लिहिला आहे तो पडदा वेगळ्या डोळ्यांनी पाहतो, कारण त्याचे स्वतःचे काहीतरी तेथे पणाला लागलेले असते. त्या विक्रेत्याच्या चलचित्रात मुलांना असे काहीच करायचे नव्हते, म्हणून ती शांत बसली होती.

आणखी एक गोष्ट कंपासाच्या संदर्भात सांगतो. मुलांना संगणकावर समभुज त्रिकोण काढायला सांगा. बरीच मुले तीन बिंदू अंदाजाने ठेवतात आणि बाजू सारख्या दिसेपर्यंत सरकवत बसतात. आकृती दिसायला बिनचूक असते. मग शेजारच्या मुलाला तिचा एक शिरोबिंदू ओढायला सांगा. त्रिकोण लगेच वाकडातिकडा होतो. ज्या मुलीने AB रेषाखंड घेऊन A आणि B केंद्रांतून AB त्रिज्येची दोन वर्तुळे काढली आणि त्यांचा छेदनबिंदू C घेतला, तिचा त्रिकोण कसाही ओढला तरी समभुजच राहतो, फक्त लहानमोठा होतो. पहिल्याने चित्र काढले होते, दुसरीने रचना केली होती. कंपासाने वहीवर केलेली रचना आणि डोळ्यांनी मापून काढलेली आकृती यांतला फरक कागदावर दिसत नाही, कारण कागदावरची आकृती हलत नाही. भौमितिक रचनांच्या प्रकरणात संगणक नको, असे अनेक सहकारी म्हणत. मला मात्र नेमका तेथेच तो सर्वांत उपयोगी वाटला. फक्त क्रम असा ठेवावा : आधी वहीत कंपासाने रचना, मग तीच रचना त्याच पायऱ्यांनी संगणकावर, आणि मग ओढून परीक्षा.

उत्तर : एक पालक, चिपळूण

मी शिक्षक नाही, हिशेबाचे काम करतो, त्यामुळे दिवसभर माझ्यासमोर संगणकावरचे तक्ते असतात. मुलीचा गृहपाठ पाहताना लक्षात आलेल्या दोन गोष्टी मांडतो.

तिने एकदा जिओजेब्रात त्रिकोण काढून तीन कोन मोजले. पडद्यावर ६०, ५९ आणि ६० असे आले आणि बेरीज १७९ झाली. तिने वहीत ‘बेरीज सुमारे १८०’ असे लिहिले. खरी मापे ६०.४, ५९.४ आणि ६०.२ अंश होती. पूर्णांकापर्यंतच दाखवण्याची निवड असल्यामुळे तिन्ही कोन खालच्या बाजूला पूर्ण झाले आणि एक अंश हरवला. दशांश स्थळे वाढवल्यावर बेरीज बरोबर आली. चूक छोटी आहे, पण तिने प्रमेयावर शंका घेतली आणि पडद्यावर घेतली नाही, ही गोष्ट मला फार लागली. संगणकाचा आकडा हा मोजलेला आणि कापलेला आकडा असतो, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

दुसरी गोष्ट त्या मुलाच्या प्रश्नासाठी. लिब्रेऑफिस कॅल्क हे तक्ते करण्याचे साधन विनामूल्य मिळते. त्यात एका स्तंभात ० पासून पुढे n लिहा आणि शेजारच्या स्तंभात n² + n + 41 हे सूत्र भरा. ४१, ४३, ४७, ५३, ६१ अशा संख्या येतात. मुलांना प्रत्येक संख्येचे विभाजक शोधायला लावा. सगळ्या मूळ संख्या निघतील. हे बहुपद ऑयलर या गणितज्ञाने १७७२ मध्ये मांडले होते. n ची किंमत ३९ होईपर्यंत, म्हणजे ओळीने चाळीस वेळा, मूळ संख्याच मिळते. चाळीस वेळा डोळ्यांनी पाहिल्यावर कोणालाही वाटेल की, हे कायमच खरे आहे. n = 40 घेतल्यावर १६८१ येते आणि ती ४१ × ४१ आहे. माझ्या मुलीला सिद्धता का हवी, हे त्या एका ओळीने समजले.

उत्तर : किनाऱ्यावरचा गणित शिक्षक, रायगड

देवगडच्या सरांनी भूमितीबद्दल लिहिले आहे. मी बीजगणिताबद्दल लिहितो आणि आपल्या सर्वांच्या दारातल्या उदाहरणाने लिहितो, कारण राजापूरच्या खाडीकाठच्या मुलांना ते माझ्या मुलांइतकेच जवळचे असेल.

आमच्या कोळीवाड्यातील जुनी माणसे घड्याळ किंवा तक्ता न पाहता भरतीची वेळ सांगतात. रीत सोपी आहे : तिथीची पाऊणपट करायची. अमावास्येला आणि पौर्णिमेला बाराच्या सुमारास पूर्ण भरती धरायची आणि पुढे चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता भरती. दहावीला गणित भाग १ मध्ये दोन चलांतील रेषीय समीकरणे आहेत आणि मुलांना y = mx + c (m म्हणजे रेषेचा चढ, c म्हणजे x शून्य असताना y ची किंमत) हे अक्षरांचे ओझे वाटते. मी त्यांना एवढेच विचारले की, आजोबांची रीत समीकरणात लिहून दाखवा. तिथी x आणि बारानंतरचे तास y धरले की y = 0.75x झाले. वर्गातील ज्या मुलाला एरवी कोणी उत्तर विचारत नसे, त्याने ते पहिल्यांदा सांगितले.

मग पंधरा दिवस मुलांनी दुपारनंतरच्या भरतीची वेळ नोंदवली. काहींनी वर्तमानपत्रातील तक्त्यावरून, तर काहींनी जेट्टीवर उभे राहून. शाळेत आम्ही ते बिंदू जिओजेब्रात मांडले, त्यांवर y = mx + c ही रेषा ठेवली आणि m व c यांच्यासाठी दोन सरकपट्ट्या केल्या. सरकपट्टी हलवली की रेषा बिंदूंजवळ येते किंवा दूर जाते. चढ म्हणजे काय हे मी त्यापूर्वी अनेक वर्षे फळ्यावर सांगत होतो, पण m हळूहळू वाढवल्यावर रेषा उभी होत जाते हे बोटांनी अनुभवलेल्या मुलांना पुन्हा सांगावे लागले नाही.

मुलांनी m ०.८ च्या जवळ आणून थांबवला. आजोबांची पाऊणपट चुकली का, असा प्रश्न आला. आम्ही संगणक बाजूला ठेवला आणि फळ्यावर विचार केला. अमावास्येची दुपारची भरती रोज उशिरा होत होत पौर्णिमेला मध्यरात्रीवर पोचते, म्हणजे १५ तिथींमध्ये १२ तास सरकते. मग एका तिथीला १२ भागिले १५, म्हणजे ०.८ तास, म्हणजेच ४८ मिनिटे. पाऊणपट ४५ मिनिटे देते. तिथीमागे तीन मिनिटांचा फरक पडतो आणि पंधराव्या तिथीला तो ४५ मिनिटांचा होतो. पण तेथे पौर्णिमा येते आणि मोजणी पुन्हा बारापासून सुरू होते, त्यामुळे चूक एका पक्षाच्या पुढे कधी साचत नाही. शिवाय जुन्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, निम्मे आणि पाऊण यांचे पाढे, तोंडपाठ होत्या. पाऊणकीचा पाढा होता, ०.८ चा नव्हता. होडीवर उभ्या असलेल्या माणसाला तोंडी करता येईल आणि कामापुरते बरोबर येईल, असे हे गणित आहे. ते ज्यांनी बसवले त्यांच्याबद्दल माझा आदर त्या दिवशी वाढला आणि मुलांचाही वाढलेला मी पाहिला.

बिंदू रेषेवर अचूक बसत नाहीत, हेही लपवू नये. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, भरती रोज थोडी थोडी सरकते, तर भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, तिची उडी मोठी असते. त्यामुळे बिंदूंची ओळ मध्येच झपाट्याने वर चढते. रेषा हा अंदाज आहे आणि समुद्र रेषेत चालत नाही, हे दहावीच्या मुलाला समजते. तिथी आणि तारीख यांचा मेळ कधी कधी बसत नाही, एखाद्या तिथीचा क्षय होतो, तेव्हा सूर्योदयाची तिथी धरायची एवढे आधी ठरवून घ्या.

विजेबद्दल एक अनुभव आहे. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या भागात कितीतरी दिवस वीज नव्हती. तेव्हापासून मी प्रत्येक संगणकीय पाठाची आलेख-कागदावरची जोडआवृत्ती तयार ठेवतो. या पाठात रेषेच्या जागी ताणलेला काळा दोरा आणि दोन टाचण्या वापरल्या. सरकपट्टीचे काम दोऱ्यानेही होते, फक्त वेळ थोडा जास्त लागतो.

उत्तर : जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका, वेंगुर्ले

चर्चा माध्यमिक वर्गांची आहे, तरी पाचवीतला एक अनुभव जोडते. लोगो ही मुलांसाठीची संगणकाची भाषा १९६७ पासून आहे. तिच्यात पडद्यावरच्या कासवाला ‘पुढे जा’, ‘उजवीकडे वळ’ अशा आज्ञा द्यायच्या असतात. तीच कल्पना आता स्क्रॅच या मुलांसाठीच्या संगणक-भाषेतही वापरता येते. समभुज त्रिकोण काढायला सांगितला की मुले हमखास ६० अंश वळायला सांगतात आणि त्रिकोणाऐवजी अर्धा षटकोन निघतो. मी काही बोलत नाही. त्यांना अंगणात नेते, रांगोळीचा त्रिकोण काढते आणि एकाला त्यावरून चालायला लावते. कोपऱ्यावर आपले शरीर आतल्या कोनाइतके वळत नाही, बाहेरच्या कोनाइतके वळते, हे त्याच्या पायांना समजते. मग परत येऊन मुले स्वतःच १२० लिहितात. कासवाने चूक दाखवली आणि अंगणाने ती सुधारली.

पाढ्यांच्या सरावाच्या मोबाइल खेळांबद्दल माझे मत चांगले नाही. बरोबर उत्तराला तारा मिळतो, चुकीच्या उत्तराला लाल फुली मिळते, पण ७ × ८ चुकले ते कोणत्या विचाराने चुकले, हे त्या खेळाला कळत नाही. मुलाशेजारी बसल्यावर ते मला अर्ध्या मिनिटात कळते.

राजापूरच्या बाई

सर्वांचे मनापासून आभार. मंडळाच्या सचिवांशी काल बोलले. तयार संचाऐवजी दुरुस्ती आणि इन्व्हर्टर, हे त्यांना पटवायला वेळ लागला, कारण देणगीची पाटी लावण्यासारखी वस्तू दिसत नाही, अशी त्यांची अडचण होती. भरतीचे उदाहरण सांगितले तेव्हा मात्र ते स्वतःच पाऊणकी म्हणू लागले आणि विषय मिटला.

देवगडच्या सरांनी सांगितल्याप्रमाणे बिंदू जीवेपलीकडे नेऊन पाहिला. त्या मुलाने वहीत ‘माप तेच राहील’ असा अंदाज लिहिला होता. १४० दिसल्यावर तो उठून पडद्याजवळ आला आणि बिंदू तीन वेळा इकडून तिकडे नेऊन पाहिला. सिद्धता त्या तासिकेत पूर्ण झाली नाही. ती त्याने दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिली आणि एका पायरीला मी मदत केली.

रायगडच्या सरांना एक प्रश्न आहे. आमची निम्मी मुले खाडीच्या मुखाजवळच्या वाडीतून येतात आणि निम्मी बरीच आत, वरच्या अंगाच्या गावांतून. आत भरती उशिरा पोचते, हे मुले घरी ऐकत आली आहेत. दोन्ही गटांच्या नोंदी वेगळ्या घेतल्या, तर m सारखा आणि c वेगळा येईल का?

किनाऱ्यावरचा गणित शिक्षक, रायगड

बाई, तसेच यायला हवे. सरकण्याचा वेग चंद्रावर अवलंबून आहे, तो दोन्ही वाड्यांना एकच. पोचायला लागणारा वेळ जागेवर अवलंबून आहे, तो c मध्ये दिसेल. राजापूर आमच्या बरेच दक्षिणेला असल्यामुळे मुखाजवळचा c सुद्धा आमच्यापेक्षा वेगळा निघेल, तेव्हा बारा हा आकडा गृहीत धरू नका, तो मुलांच्या नोंदींतूनच काढा. दोन समांतर रेषा मिळाल्या की मुलांना विचारा, या दोन समीकरणांची सामाईक उकल कोणती. पाठ्यपुस्तकात समांतर रेषांना सामाईक उकल नसते असे वाचलेले असते. येथे त्याचा अर्थ असा की, कोणत्याही तिथीला दोन्ही वाड्यांत एकाच वेळी पूर्ण भरती येत नाही.

नोंदी घेताना आतल्या गावातील मुलांना धक्क्याच्या पायऱ्यांवर खडूने पाण्याची पातळी दर दहा मिनिटांनी आखायला सांगा. पूर्ण भरतीला पाणी काही वेळ थबकल्यासारखे दिसते आणि नेमका क्षण नजरेने सापडत नाही. खुणा चढत जाऊन पुन्हा उतरू लागल्या की मधला वेळ काढता येतो. मोठ्या माणसाशिवाय कोणाला पाण्याजवळ पाठवू नका आणि पावसाचा जोर असेल ते दिवस सोडून द्या, कारण नदीचे पाणी उतरले की खाडीच्या आतल्या नोंदी बिघडतात.